काचेच्या कपाटातली मैना

आमच्या धंद्यात पेंढा नसतो, हे आधी सांगून टाकतो. उभा जन्म लोकांनी मला 'पेंढा भरणारा' म्हटलं. लग्न ठरवायला आलेल्या माझ्या सासऱ्यांनीही, मुलगा वाघात पेंढा भरतो हे ऐकल्यावर, 'बरं, आणि उरलेल्या वेळात काय करतो?' असं विचारलं होतं. त्यांना मी तेव्हा काही समजावलं नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाविषयी लिहा' म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. म्हणून आता समजावतो.

जनावर मेल्यावर त्याची मापं घ्यायची. नाकापासून डोळा किती, मांडीचा घेर किती, पोट किती आत गेलंय, सगळं दोरीने मोजून वहीत लिहायचं. मग कातडं सोलायचं, आतून खरवडायचं, मीठ-तुरटीत मुरवायचं आणि कसर लागू नये म्हणून आतल्या अंगाला सोमलाचा, म्हणजे विषारी, साबण चोळायचा. फळीवर लोखंडी सळ्या उभ्या करून, त्यांना काथ्या गुंडाळून, वर शाडू थापून त्या जनावराचं शरीर मापाप्रमाणे पुन्हा घडवायचं. त्यावर ओलं कातडं चढवायचं, पोटाखालून शिवायचं आणि सुकू द्यायचं. म्हणजे निम्मं काम चांभाराचं आणि निम्मं गणपती करणाऱ्याचं. माझे मामा कोकणात गणपती करायचे. शाडू मी त्यांच्याकडे शिकलो. वडील गिरणीत होते आणि मी पण गिरणीतच जावं अशी त्यांची इच्छा होती. पण माझा हात पाहून अंधेरी गावठाणातल्या पास्कल मास्तरांनी मला त्यांच्या या कामाच्या कारखान्यात ठेवून घेतलं आणि मी जन्मभर तिथलाच झालो.

मूर्तिकाराला एक सवलत असते, खरा गणपती कुणी पाहिलेला नसतो. आमच्याकडे तसं नाही. म्हणजे वाघ-बिबळ्यांच्या बाबतीत चालून जातं, कारण शिकारी साहेबाने तो वाघ जेमतेम पळभर बघितलेला असतो आणि तोही बंदुकीच्या नळीवरून. त्याला दात दिसले, जबडा वासलेला दिसला की तो खूश. खरी पंचाईत घरच्या जनावरांची. पार्ल्याच्या एका बाईंनी आपला मेलेला पोपट आणून दिला होता आणि त्या रोज दुपारी येऊन समोर बसायच्या. मान जरा डावीकडे. नको, थोडी खाली. अहो, तो असा बघायचाच नाही. चार वेळा मान वळवून मानेची पिसं गळाली आणि शेवटी बाई म्हणाल्या, हा आमचा मिठू नव्हेच, तुम्ही तो बदललात. त्या दिवशी मास्तरांनी कारखान्याच्या मधोमध गोणपाटाचा एक पडदा लावला आणि नियम केला. ज्याने जनावर जिवंत असताना सांभाळलं, त्याला काम पुरं होईपर्यंत पडद्याच्या आत घ्यायचं नाही. बाकावर बसा, चहा घ्या, पण आत नाही.

नियम शहाणपणाचा होता. माझ्या हातून आयुष्यातली सर्वांत मोठी चूक झाली ती तो नियम पाळल्यामुळे.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. साहेब लोक निघून गेले होते, संस्थानं खालसा झाली होती, आणि शिकारखाने बंद पडल्यावर आमच्याकडे काम उरलं होतं ते कुत्र्या-मांजरांचं. अशात एक दिवस घाटकोपरच्या एका शाळेचे मुख्याध्यापक आले. कारखानीस सर. खादीचा कोट, सायकल, बोलणं मोजून-मापून. शाळेचं नवं सभागृह बांधून होत आलं होतं आणि त्यात सरांनी भिंतभर काचेचं कपाट करून घेतलं होतं. त्यात त्यांना तीन प्राणी हवे होते. जमिनीवरचा सर्वांत वेगवान, पाण्यातला सर्वांत वेगवान आणि हवेतला सर्वांत वेगवान. मुलं पुस्तकात वाचतात आणि विसरतात, सर म्हणाले, एकदा डोळ्यांनी बघतील तर विसरणार नाहीत.

मासा आधी मिळाला. वेसाव्याचे कोळी खोल पाण्यात जात, तेव्हा वर्षा-दोन वर्षांत एखादा सापडे. लांब भाल्यासारखी चोच आणि पाठीवर शिडासारखा उंच पंख. मी टोपली भरून बर्फ घेऊन किनाऱ्यावर गेलो, तेव्हा तो करडा पडलेला होता. ज्यांनी पकडला ते सांगत होते की होडीत घेतला तेव्हा निळ्या-जांभळ्या रंगाच्या लाटा त्याच्या अंगावरून धावत होत्या आणि मरताना सगळा रंग निघून गेला. माशाचं कातडं टिकत नाही. त्याचा प्लास्टरचा साचा काढून रंगवावा लागतो. तो निळा रंग मी कोळ्यांनी सांगितला त्यावरून लावला.

ससाणा मुलुंडच्या मिठागरातून आला. थंडीत तिथे पाणपाखरं उतरतात आणि त्यांच्या मागे बहिरी ससाणा. वरून पाखरावर झेपावताना तो तारेला धडकून मेला होता. मिठागरावरच्या मुकादमाने फडक्यात गुंडाळून आणून दिला. वजन म्हणाल तर काही नाही, पण छाती दगडासारखी घट्ट.

सरांना मुलांसाठी दोन्ही रुबाबदार दिसायला हवे होते. म्हणून माशाचं शीड उभारलं आणि ससाण्याचे पंख पसरले. खरं तर मासा सुसाट निघतो तेव्हा ते शीड पाठीच्या खाचेत मिटून घेतो आणि ससाणा झेप घेतो तेव्हा पंख अंगाशी आवळतो. म्हणजे दोघेही वेगात नसताना जसे दिसतात तसे आम्ही दाखवले आणि खाली 'सर्वांत वेगवान' अशी पाटी लावली. मला हे माहीत होतं. पण गिऱ्हाइकाला जे आवडतं ते द्यायची सवय हाताला लागली होती.

राहिला चित्ता. मास्तरांनी सरांना स्पष्ट सांगितलं की ते जमणार नाही. आपल्या देशातला चित्ता संपला. पूर्वी संस्थानिक काळविटाच्या शिकारीसाठी पाळायचे, तेही शेवटी शेवटी आफ्रिकेतून बोटीने मागवायचे, आता तेही बंद. सर उठायला लागले तेव्हा मी मध्ये बोललो. कारण मला एक चित्ता माहीत होता.

जोगेश्वरीच्या म्हशींच्या गोठ्यात इस्माईलचाचा म्हणून एक म्हातारे होते. दर पावसाळ्याच्या आधी ते आमच्याकडून सोमलाचा साबण आणि कापूर घेऊन जात. कशासाठी, हे मी एकदा विचारलं होतं. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका संस्थानात ते चित्तेवान होते, म्हणजे शिकारीचे चित्ते सांभाळणारे. बापही तेच, आजाही तेच. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला, तेव्हा एकच चित्तीण उरली होती. तिला कुणी घेईना. चाचांनी स्वतःच्या खोलीत ठेवून तिला पोसली आणि ती म्हातारी होऊन मेली, तेव्हा तिचं कातडं पत्र्याच्या पेटीत घालून पुतण्याकडे जोगेश्वरीला आले. बाजेशेजारी ती पेटी असायची. तिचं नाव मैना.

नाव असं का, हेही मी विचारलं होतं. चाचा म्हणाले की चित्ता डरकाळी फोडत नाही. बोलवायचं असलं की पाखरासारखी बारीक शीळ घालतो. ही तर दिवसभर बोलायची.

कातडं मागायला मी गेलो, तेव्हा चाचा म्हशीला वैरण टाकत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी म्हटलं, पेटीत राहिली तर आज ना उद्या कसर लागेलच. शाळेत राहिली तर हजारो मुलं बघतील. हातातली वैरण टाकून संपवली. मग आत जाऊन पेटी घेऊन आले. पैशाचं नावही त्यांनी काढू दिलं नाही.

"पोरांस्नी तिचं नाव सांगा," ते म्हणाले. "आन् ती व्हती तशी दिसू द्या, शंकरराव. एवढंच."

मी हो म्हटलं. शब्द द्यायला काय लागतं?

पास्कल मास्तरांचा हात तेव्हा कापायला लागला होता, म्हणून चित्ता मी एकट्याने करायचा ठरलं. माझं पहिलं मोठं काम. कातडं चांगलं राखलेलं होतं, पण मापं नव्हती आणि कवटीही नव्हती. मी काय केलं? मी त्याआधी किती तरी बिबळे उभे केले होते. अंगावर ठिपके, मांजराची जात. हात आपोआप बिबळ्याच्या वळणाने गेला. शिल्लक पडलेली बिबळ्याची कवटी बसवली. शाडू तसाच थापला, भरदार खांदे, आखूड दणकट पाय. बिबळ्याची नखं पंजात ओढलेली असतात, म्हणून हिचीही आत ओढून वरून केस बसवले. डोळे परदेशी काचेचे, हिरवट पिवळे, तेही बिबळ्याचेच. आणि जबडा वासला, दात दाखवले. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत दोन काळ्या रेषा उतरतात, त्या जबड्याच्या सुरकुत्यांत दडून गेल्या. कातडं काही ठिकाणी कमी पडलं, काही ठिकाणी जास्त झालं. तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी ओढून-ताणून बसवलं आणि कातडंच आटलंय असं म्हणालो. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

आणि या सगळ्या दिवसांत चाचा बाहेर बाकावर होते. दर शुक्रवारी नमाज झाला की ते जोगेश्वरीहून चालत यायचे, मांडीवर कापडी पिशवी घेऊन तासभर बसायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. त्या अंगावरून दहा-बारा वर्षं हात फिरवलेला माणूस माझ्यापासून दहा पावलांवर होता. मध्ये गोणपाटाचा एक पडदा. ते कधी 'आत येऊ का' म्हणाले नाहीत आणि मी कधी बोलावलं नाही. मला त्या पोपटवाल्या बाई आठवायच्या.

काम पुरं झालं तेव्हा मी पडदा बाजूला केला आणि अभिमानाने म्हणालो, या चाचा.

ते आले, समोर उभे राहिले. खाली-वर पाहिलं. मग पिशवीतून त्यांनी चामड्याची एक जुनी टोपी काढली. ती काय असते ते सांगायला हवं. शिकारीला चित्ता बैलगाडीतून न्यायचे. वाटेत त्याने बिथरू नये म्हणून डोळ्यांवर टोपी बांधायची. काळविटांचा कळप दिसला की चित्तेवान टोपी काढायचा, गळ्यातली दोरी सोडायचा आणि बाजूला व्हायचा. मैनेची ती टोपी चाचांनी जपून ठेवली होती.

त्यांनी ती माझ्या चित्त्याच्या डोक्यावर घालायला घेतली. टोपी कानांपाशी अडली. त्यांनी हलकेच फिरवून पाहिलं, पुन्हा घातली, पुन्हा अडली. मग ती काढून घेतली आणि घडी करून पिशवीत ठेवली.

"काम झकास हाय," ते म्हणाले. "पर ही मैना न्हवं."

मी आटलेल्या कातड्याबद्दल काही तरी बोलायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं. नंतर शांतपणे सांगितलं की तिचं डोकं एवढंसं होतं, पाय लांब होते, पोट आत गेलेलं होतं, नखं कुत्र्यासारखी कायम बाहेर असायची. आणि तिने कधी कुणावर दात काढले नव्हते. हिला पुन्हा मोकळी करता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर नाही म्हणाले. वाळलेलं कातडं पुन्हा भिजवलं तर केस सुटतात, कधी कधी सगळंच हातात येतं. शिवाय समारंभ आठ दिवसांवर होता.

चाचा गेल्यावर मास्तर मला म्हणाले, "डोक्याला ताप करून घेऊ नको रे, शंकर. हिंदुस्थानात आता चित्ता ओळखणारा राहिलाय कोण? सगळे गेले. हा एक म्हातारा."

त्यांनी समजूत घालायला म्हटलं होतं. मीही ती घालून घेतली. चित्ता लॉरीत चढवला आणि घाटकोपरला पोचवला.

समारंभाला मला पुढच्या रांगेत खुर्ची होती. चाचांनाही सरांनी बोलावलं होतं. धुतलेला पांढरा सदरा घालून ते कडेला बसले होते. कपाटावरचा पडदा सरला आणि सगळं सभागृह 'आई गं' म्हणालं. दात दिसले ना. सरांनी चाचांना शाल-नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मला वाटलं, आता हे सांगणार की हा बिबळ्या आहे, सगळ्यांसमोर माझी अब्रू जाणार. मला तेव्हा काळजी वाटली ती माझ्या अब्रूची, हे कबूल करतो.

चाचा उभे राहिले. म्हणाले, हिचं नाव मैना. ही पाखरासारखी बोलायची. माझ्या हातून दूध प्यायची. एवढं बोलून ते बसणार, तोच मुलींच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, मग आता तिने असे दात का काढलेत?

चाचांनी कपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"नव्या जागंला आलीया, बाळ," ते म्हणाले. "घाबरली असंल."

मुलं हसली, टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली ती वर करता येईना. ज्या माणसाने विश्वासाने आपली एकुलती एक ठेव माझ्या हाती दिली, तिचं मी माकड केलं, आणि तोच माणूस भरसभेत माझी मूठ झाकून ठेवत होता. मला कोणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी सरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. बिबळ्याची कवटी, बिबळ्याचे डोळे, सगळं. सरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "मे महिन्याच्या सुट्टीत न्या. जूनमध्ये परत हवी. आणि कपाट रिकामं का आहे ते मुलांना मी सांगेन."

त्यांनी सांगितलंही. पण त्या मार्चमध्ये शाळा सोडून गेलेली मुलं गेलीच. त्यांच्यातले एक गृहस्थ मला पुढे भेटले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. कौतुकाने सांगत होते की आमच्या शाळेत एक चित्ता होता, काय भयंकर दात होते. मी त्यांना दुरुस्त केलं. ते हसले, त्यांना पटलं नाही. सर म्हणाले होते ना, एकदा डोळ्यांनी पाहिलेलं मुलं विसरत नाहीत.

कातडं काढायच्या दिवशी मी स्वतः जोगेश्वरीला जाऊन चाचांना घेऊन आलो. मास्तर आदल्या दिवसापर्यंत माझ्यावर धुसफुसत होते, हात दाखवून अवलक्षण करून घेतोयस म्हणत होते. पण चाचा दाराशी आले तेव्हा मास्तर उठले आणि त्यांनी आपल्या कापऱ्या हाताने पडदा बाजूला धरला. तो नियम तिथेच संपला.

टाके उसवून आम्ही कातडं मिठाच्या पाण्यात सोडलं. तीन दिवस मी तासातासाने बोट लावून बघत होतो. चौथ्या दिवशी डाव्या बरगडीवर तळहाताएवढे केस सुटले. मला रडू आलं, आणि मी रडलो. चाचा म्हणाले की शेवटच्या वर्षी ती म्हातारी त्याच कुशीवर निजायची, तिथले केस तसेही विरळ झाले होते. खरं होतं की मला बरं वाटावं म्हणून म्हणाले, ते मला आजही ठाऊक नाही.

मग शाडू. मी थापायचो आणि ते डोळे मिटून हात फिरवायचे. इथं माझी मूठ बसायची. इथं हाड लागायचं. छाती खोल, पोट कमरेशी इतकं बारीक की दोन तळव्यांत मावेल. कवटी मी लाकडात कोरली आणि दर थोड्या वेळाने आम्ही त्यावर ती टोपी घालून बघायचो. नखं बाहेर काढली, बोथट, जमीन धरून पळायला असतात तशी. पुढच्या पायाला वर एक अंगठ्याचं नख असतं, ते मात्र आकड्यासारखं तीक्ष्ण; पळत्या काळविटाला त्याने पाडायचं. आधी मी ते केसांखाली दाबून टाकलं होतं. डोळ्यांची काच साधी घेऊन मागून रंगवली. मधाचा रंग, चाचा म्हणाले. तीनदा पुसून चौथ्यांदा जमला.

सरांची एक इच्छा होती की चित्ता धावताना दाखवावा. मी चाचांना विचारलं की ती धावताना नेमकी कशी दिसायची, पाय कसे पडायचे.

"पळताना तिला कुणी बघितलंच न्हाई, शंकरराव," ते म्हणाले. "मान वळवंस्तवर ती तिकडं. मी बघितली ती पळायच्या आदी, आन् पळून झाल्यावर."

पळून झाल्यावर ती कशी असायची, तेही त्यांनी सांगितलं. शिकार साधो न साधो, खाली बसून धापा टाकायची, डोळे मिटायची. एवढ्याशा पळण्यात अंगातलं सगळं संपून जायचं. त्या वेळी तिच्याजवळ जाऊन नुसतं बसायचं असतं, हात लावायचा नसतो. सर्वांत वेगवान जनावर इतकं लवकर थकतं, हे मला तोवर कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता मला जन्मभर उभ्या केलेल्या वाघ-बिबळ्यांची आठवण आली आणि मन खट्टू झालं. ज्यांनी त्यांना मारलं त्यांच्या दिवाणखान्यांसाठी मी त्यांचे जबडे वासले होते. ती जनावरं कशी होती, हे सांगायला कुणी इस्माईलचाचा नव्हते, आणि मी विचारायला गेलोही नव्हतो. पुढे कायदा झाला, शिकार बंद झाली आणि आमचा धंदाही गेला. त्याचं मला वाईट वाटलं नाही.

तेव्हा मैना पळायच्या आधीची करायची ठरली. उभी, पुढचा डावा पाय किंचित उचललेला, नजर लांब. तोंड मिटलेलं. तोंड मिटल्याबरोबर त्या दोन काळ्या रेषा डोळ्यांखालून सरळ उतरल्या आणि मास्तर पहिल्यांदाच म्हणाले की ही बिबळ्या नाही रे. डाव्या बरगडीवरचं ठिगळ मात्र लपलं नाही. माझ्या हातच्या सर्वांत चांगल्या कामाची शिवण सर्वांत वाईट आहे. ती बाजू कपाटात कडेच्या भिंतीकडे केली.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी आम्ही तिला लॉरीने घाटकोपरला नेलं. अंधेरीहून निघताना चाचांनी तिच्या डोक्यावर टोपी घातली. नीट बसली. खालचे बंद त्यांनी बांधले आणि वाटभर ते मागे तिच्याजवळ उभे राहिले, एक हात तिच्या मानेवर. मी म्हटलं, चाचा, पुढे बसा, ऊन आहे. त्यांनी ऐकलं नाही.

सभागृहात कोणी नव्हतं. सर, मास्तर, मी आणि चाचा, एवढेच. तिला कपाटात चढवलं, फळी ठोकून पक्की केली. कपाटाच्या समोर, सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला, मोठा दरवाजा होता आणि त्यापलीकडे शाळेचं मोकळं मैदान. सर म्हणाले, चाचा, आता टोपी काढा.

चाचा तिच्या उजव्या अंगाला उभे राहिले. बंद सोडले, टोपी उचलली. दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरून तोंड दरवाज्याच्या दिशेला केल्यासारखं केलं. मग तोच हात तिच्या गळ्याखाली गेला, नसलेल्या दोरीची गाठ बोटांनी सोडली, आणि ते झटकन एक पाऊल बाजूला झाले, तिला वाट द्यायला.

आम्ही तिघांनीही दरवाज्याकडे पाहिलं.

थोड्या वेळाने चाचांच्या लक्षात आलं. ते ओशाळले, टोपीची घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"सवय हाय," ते म्हणाले.